प्रोसिजरल की स्टॅटिक? निर्णय एकेका वस्तूचा घ्या

‘अख्खा गेम प्रोसिजरल करू की सगळी मॉडेलं हातानं बनवू?’ असं विचारणाऱ्याला कुणीही नीट उत्तर देऊ शकणार नाही. (प्रोसिजरल म्हणजे नियम देऊन संगणकाकडून घडवून घेतलेलं, स्टॅटिक म्हणजे एकदा बनवून कायम केलेलं मॉडेल.) असा निर्णय पूर्ण प्रोजेक्टचा नसतो, दृश्यातल्या एकेका वस्तूचा असतो. रायगडाचं दृश्य उभं करायचंय असं समजू. ब्लेंडर आणि एखादं गेम इंजिन तुम्हाला वापरता येतं, हे धरूनच पुढे लिहितो.

१. यादी करा. प्रत्येक वस्तूपुढे एकच प्रश्न लिहा: ही थोडी वेगळी दिसली तर पाहणाऱ्याला खटकेल का? महादरवाजा आणि जगदीश्वराचं मंदिर खटकेलच. ती स्टॅटिक, फोटो समोर ठेवून घडवायची. गवत, कारवी, सुटे दगड प्रोसिजरल. गडाचा आकार मात्र नॉइजमधून, म्हणजे सूत्रानं काढलेल्या रँडम चढउतारांमधून, काढू नका. एसआरटीएम या नासाच्या अवकाशातून केलेल्या रडार सर्वेक्षणाची साधारण ३० मीटरच्या टप्प्यांची उंचीची माहिती मोफत मिळते, ती घ्या आणि नॉइज फक्त त्याहून बारीक तपशिलासाठी ठेवा.

२. तटबंदी दोन्हींची. घडीव दगडांचे पाच-सहा तुकडे हातानं बनवा, तटाच्या मार्गाच्या कर्व्हवर (वक्ररेषेवर) मांडायचं काम जॉमेट्री नोड्सना, म्हणजे ब्लेंडरमधल्या नियमांनी आकार घडवणाऱ्या सोयीला, द्या.

३. मेमरीचा हिशेब करा. ‘प्रोसिजरल म्हणजे मेमरी वाचते’ हे अर्धसत्य आहे. डिस्कवरची जागा वाचते. मेमरी वाचते ती इन्स्टन्सिंगमुळे (एकच मॉडेल साठवून तेच अनेक जागी दाखवल्यामुळे), आणि ते स्टॅटिक झाडालाही लागू होतं. विनाकारण ‘रिअलाइझ इन्स्टन्सेस’ नोड जोडलात, तर प्रत्येक झुडूप स्वतंत्र जॉमेट्री होऊन बसतं.

४. सीड, म्हणजे रँडम आकड्यांची रांग ज्यावरून ठरते तो सुरुवातीचा आकडा. या टप्प्यानं मला सगळ्यात जास्त झुंजवलं. ‘सीड तोच ठेवा, दृश्य तेच येईल’ या सल्ल्यावर विसंबू नका. सगळ्या वस्तू एकाच रांगेतून रँडम आकडे उचलत असतील, तर मध्ये एक दगड वाढला की पुढच्या प्रत्येकीचा आकडा सरकतो. सीड तोच, उतार मात्र ओळखू येत नाही.

उपाय एकच: वस्तूचा आकडा तिच्या क्रमावरून नको, तिच्या जागेवरून ठरू द्या. जमिनीचे चौकोन पाडा. चौकोनाचे निर्देशांक आणि सीड मिळून हॅश काढा, म्हणजे त्यांच्यावरून दरवेळी तोच निघणारा पण रँडम दिसणारा आकडा. गवताचा सीड वेगळा, दगडांचा वेगळा. हॅश पूर्णांकांचाच हवा. शेडरमध्ये (ग्राफिक्स कार्डावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) सर्रास दिसणारा साइनवाला हॅश वेगवेगळ्या ग्राफिक्स कार्डांवर वेगळे आकडे देऊ शकतो. ब्लेंडरच्या ‘रँडम व्हॅल्यू’ नोडला आयडी मिळाला नाही तर तो इंडेक्स (बिंदूचा अनुक्रमांक) वापरतो, आणि बिंदू कमी-जास्त झाले की इंडेक्स बदलतो. त्याला स्थिर आयडी द्याच.

शिवाय सेव्ह फाइलमध्ये सीडसोबत जनरेटरची आवृत्तीही लिहा. २०२१ मध्ये माइनक्राफ्टच्या १.१८ आवृत्तीत भूभाग घडवण्याची पद्धत बदलली, तेव्हा जुन्या जगाच्या कडा नव्या भूभागात मिसळण्यासाठी वेगळी सोय करावी लागली. तुमचा गेम लोकांच्या हातात गेल्यावर अल्गोरिदमला हात लावायचा असेल, तर जुना कोडही सोबत ठेवा.

५. गोठवा. वाटेलगतचा पट्टा आणि खेळाडू ज्यावर चढणार ते दगड बेक करून, म्हणजे तयार झालेला आकार कायमचा साठवून, स्टॅटिक करा, मग हातानं सुधारा. मूळ नोड्सची फाइल जपून ठेवा. जीएलटीएफ या मॉडेल इंजिनात नेण्याच्या फाइल-प्रकारात नोड्स जात नाहीत, म्हणून एक्स्पोर्ट करताना मॉडिफायर लागू करा.