पट्टकदंब पाहायला तलावावर जाताय? या चुका टाळा

डिसेंबर लागला की आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर बाहेरगावच्या गाड्या दिसू लागतात. सकाळी दहाला मंडळी पारीवर (तलावाच्या बांधावर) चढतात, दुर्बीण पाण्यावर फिरवतात आणि "काहीच नाही जी" म्हणत टपरीवर चहाला येतात. पट्टकदंब, म्हणजे डोक्यामागे काळे पट्टे असलेले हे रानहंस, तोवर पलीकडच्या काठाला चरून, पोट भरून, पाण्यात मधोमध चोच पिसांत खुपसून झोपलेले असतात. एवढ्या लांबून ते ढेकळांसारखे दिसतात.

मूळ चूक म्हणजे पट्टकदंबाला पाणपक्षी समजणं. पाणी ही त्याची निजायची आणि जीव वाचवायची जागा. पोट भरतं ते गवतावर. मंगोलिया, तिबेट, आपलं लडाख इथे तो उन्हाळ्यात घरटं करतो, अगदी ४,००० मीटरहून उंच पठारांवरही. लडाखमधल्या त्सो मोरीरी, त्सो कर या सरोवरांच्या काठच्या ओल्या कुरणांत पिल्लांना घेऊन गाईसारखा चरतो. आपल्याकडे आला तरी सवय तीच. म्हणून उजाडायच्या आत किंवा दिवस मावळताना जा, आणि पाणी सोडून काठची हरळी बघा. चिखलात पडदा असलेल्या पायांचे ठसे आणि बोटाएवढ्या हिरवट लेंड्या दिसल्या तर जागा बरोबर आहे.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. पांढरा शर्ट घालून पारीवर ताठ उभा राहिलो. मासेमारीचा डोंगा ओढणारे ढिवरकाका खालूनच ओरडले, "खाली बसा जी! पारीवरचा माणूस त्यायले आभाळात उभा दिसते." बेशरमच्या झुडपाआड उकिडवा बसलो. वीसेक हंस माना खाली घालून कचाकच गवत तोडत होते. एकाची मान मात्र काठीसारखी उभी. तो खाली वाकला की दुसऱ्याची मान वर. दोन माना एकदम वर झाल्या की जागचं हलायचं नाही, हे तेव्हापासून शिकलो. मार्चमध्ये परत हिमालय ओलांडायला अंगावर चरबी लागते. एका फोटोसाठी चार वेळा उडवलेल्या थव्याची ती चरबी आपणच जाळतो.

ओळखताना डोक्यामागचे दोन काळे पट्टे शोधतात, ते ठीक. पण त्या वर्षीच्या पिल्लांना पट्टे नसतात, माथा नुसता करडा. त्यांना कलहंस (ग्रेलॅग गूज, दुसरा रानहंस) म्हणून मोकळे होऊ नका. कलहंसाची चोच आणि पाय गुलाबी, याचे पिवळे-नारिंगी. शिवाय पिल्लं हिवाळाभर आईबापांसोबतच असतात, शेजारी कोण चरतंय ते बघा.

"एव्हरेस्टवरून उडणारा पक्षी" हा मेसेज दरवर्षी फिरतो. यंत्र लावून मोजलेली सर्वांत उंच नोंद सुमारे ७,२९० मीटरची आहे, आणि बहुतेक उड्डाण त्याच्याही बरंच खाली होतं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की तो डोंगराच्या चढउतारासोबत वरखाली होत जातो, कारण खालच्या दाट हवेत पंख मारायला कमी कष्ट पडतात. रात्रीची गार हवा त्याच कारणाने सोयीची. रक्तातलं हिमोग्लोबिनही विरळ हवेतला प्राणवायू चटकन धरतं. मला तर ही गोष्ट एव्हरेस्टपेक्षा भारी वाटते.

आता शेतकरी भावांसाठी. गाळपेरीतली (तलावाचं पाणी ओसरल्यावर गाळात पेरलेली) लाखोरी, गहू हा खातो, खोटं कशाला बोला. पण प्रत्येक नुकसान त्याच्या नावावर टाकू नका. मुळासकट उकरलेलं असेल तर रानडुक्कर. खुरांचे ठसे आणि लेंड्यांचा ढीग असेल तर रोही (नीलगाय). हंस पात्यांचे शेंडे तोडतो, आणि सहसा पाण्याजवळच्या पट्ट्यात. फटाके फोडले तर तलावावरची सगळीच पाखरं उठतात आणि दोन दिवसांनी हंस परत येतात. त्यापेक्षा तिन्हीसांजेला धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) माणूस फिरवा, पाण्यालगतची हरळी नांगरू नका. विषाचं नाव काढू नका, वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

मेलेला हंस सापडला तर हात लावू नका. २००५ साली चीनच्या छिंगहाई तलावावर बर्ड फ्लूने मोठ्या संख्येने पट्टकदंब दगावले होते. कुत्र्यांना दूर ठेवा, पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि वनरक्षकाला कळवा.

आणि एखाद्याच्या गळ्यात प्लास्टिकचा पट्टा दिसला तर "अडकलाय बिचारा" म्हणून जाळं घेऊन धावू नका. मंगोलियात अभ्यासासाठी असे पट्टे घालून सोडलेले हंस भारतात दिसले आहेत. पट्ट्याचा रंग, त्यावरची अक्षरं-आकडे लांबूनच टिपा आणि पक्षिमित्रांना कळवा.