वस्तीतला कथकचा वर्ग: जमिनीपासून नोंदणीपर्यंत

रोहिणी भाटे यांनी १९४७ साली नृत्यभारती ही कथक शिकवणारी संस्था काढली आणि कथक पुण्यात रुजलं. तरी पर्वती पायथ्याच्या मुलीला चालत जाता येईल आणि परवडेल असा वर्ग अजूनही शोधावाच लागतो. तो उभा करायचा तर आधी जागा आणि शिकवणं पक्कं करा. संस्थेचं नाव, लेटरहेड नंतर.

विशारद ही कथकची परीक्षा पास झालं म्हणजे शिकवता येतं असं नाही. किमान वर्षभर एखाद्या गुरूंकडे अगदी नवख्या मुलांची बॅच सांभाळा. तत्काराचंच, म्हणजे बोलांवर पाय आपटण्याच्या मूळ धड्याचंच बघा. 'ता थेई थेई तत्' उजव्या पायाने सुरू होतं, 'आ थेई थेई तत्' डाव्याने. म्हणजे चौथ्या आणि पाचव्या मात्रेला डावा पाय लागोपाठ दोनदा पडतो. मुलं नेमकी तिथे चुकतात, पाय आलटूनपालटून टाकत राहतात. आधी टाळी देत पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, करून घ्या, पाय नंतर. ओळीत मागे उभी असलेली मुलगी पुढचीचे पाय बघून नाचत असते, म्हणून दर आठवड्याला ओळी फिरवा.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष जमिनीकडे होतं. समाजमंदिरात किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये काँक्रीटवर थेट शहाबादी किंवा टाइल असते, ती जराही दबत नाही. काही महिन्यांत नडगी आणि टाचा दुखू लागतात, घरच्यांना वाटतं पोरगी कंटाळा करतेय, आणि ती यायची थांबते. १६ बाय २० फुटांच्या खोलीला एका थरासाठी ८ बाय ४ फुटांचे १० प्लाय लागतात. १२ मिलिमीटरचे दोन थर, म्हणजे २० प्लाय, सांधे एकावर एक येणार नाहीत असे स्क्रूने जोडा. खाली फूटभर अंतरावर रबराचे तुकडे द्या. भिंतीलगत अर्धा इंच जागा सोडा, नाहीतर पावसाळ्यात प्लाय फुगून मधे उचलला जातो. कडा आणि खालची बाजूसुद्धा सील करा. वर चकचकीत पॉलिश नको, घामाने पाय घसरतो. पायाखाली थेट फोमची मॅट तर अजिबात नको. पाय रुततो, घोटा मुरगळतो, आवाजही मरतो. जागा शक्यतो तळमजल्यावरच घ्या. एका मुलाला साधारण ३० चौरस फूट धरा, म्हणजे या खोलीत एका वेळी दहाच.

पहिले तीन-चार महिने घुंगरू नकोत. मग एका पायात ५०, पुढे १००. सुती दोरीत प्रत्येक घुंगरू वेगळी गाठ मारून ओवलेलं हवं. सुटून जमिनीवर पडलेलं अनवाणी पायाखाली येतं. वर्गाचे चार-सहा जोड ठेवले की कुणाचं पैशावाचून अडत नाही. वर्गानंतर ते वाळवा, घामाने दोरी कुजते.

पैशांचा हिशेब पहिल्या महिन्यापासून मांडा. समजा भाडं ६ हजार, तबलजींचे ३ हजार, वीज-दुरुस्ती १ हजार, शिक्षिकेचं मानधन १२ हजार: एकूण २२ हजार. तीन बॅचमध्ये ३० मुलं, वीस जणांकडून ८०० आणि दहा जणांकडून २०० घेतले तर १८ हजार येतात. उरलेले चार हजार मोठ्यांच्या बॅचमधून काढा. मानधन शून्य धरून चालवलेले वर्ग शिक्षिकेच्या थकव्याने बंद पडतात. कोण किती फी देतं हे मुलांना कळता कामा नये.

नवी बॅच शाळा उघडल्यावर जूनमध्येच घ्या. गणपतीच्या आधी ढोल-ताशांच्या सरावाने संध्याकाळी लेहरा (नाचताना ताल धरून ठेवणारी सुरावट) ऐकू येत नाही, तेव्हा त्या आठवड्यांत वेळ सकाळची ठेवा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, म्हणजे पहिल्या परीक्षेला घाईने बसवू नका.

नोंदणी घडी बसल्यावर करा. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० प्रमाणे किमान सात सदस्य लागतात, आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंद होते. पुढे दरवर्षी लेखापरीक्षण आलंच. सातही जण एकाच घरातले घेऊ नका. वस्तीतल्या दोन पालकांना आणि हिशेब जाणणाऱ्या एकाला त्यात जागा द्या.