नव्या इंधनावर जेट इंजिनाची चाचणी: बचत खरी की मोजमापातली?

टेस्ट सेलमध्ये (इंजिन चाचणीच्या बंदिस्त खोलीत) शंभर टक्के सॅफवर (वापरलेलं खाद्यतेल, चरबी वगैरेंपासून केलेलं विमानइंधन) इंजिन चालवलं आणि पडद्यावर इंधनवापर दोन टक्क्यांनी उतरलेला दिसला, तर लगेच हुरळून जाऊ नका. हे दोन टक्के बहुधा इंधनाचे असतात, इंजिनाचे नव्हे. अशा तेलाचरबीच्या सॅफमध्ये किलोमागे सुमारे ४४ मेगाज्यूल ऊर्जा असते, जेट ए-१ मध्ये (नेहमीच्या विमानइंधनात) ४३.२ च्या आसपास. तेवढ्याच उष्णतेला वजनाने कमी इंधन लागणारच. म्हणून किलोत तुलना करू नका. एक किलोन्यूटन थ्रस्टसाठी (इंजिनाच्या ढकलशक्तीसाठी) सेकंदाला किती मेगाज्यूल लागले ते काढा, आणि ऊर्जामूल्य तक्त्यातून न उचलता त्याच टाकीतला नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या.

दुसरी फसगत फ्लोमीटरची. टर्बाइन फ्लोमीटर लिटर मोजतो, किलो नाही. संगणकात घनता (किलो प्रति घनमीटर) ८०० राहून गेली आणि नळीतून ७६० चं सॅफ वाहत असलं, की इंधनाचं वजन पाच टक्क्यांनी जास्त दिसतं आणि चांगल्या इंजिनावर ठपका येतो. थेट वजनी प्रवाह देणारा कोरिओलिस मीटर बसवा. तो नसेल तर दर रनआधी (इंजिन चालवण्याच्या प्रत्येक फेरीआधी) घनता मोजा आणि इंधनाच्या तापमानानुसार दुरुस्त करा.

रनचा क्रम असा: जेट ए-१, मग सॅफ, मग पुन्हा जेट ए-१. वेळ कमी पडला की तिसऱ्या रनवरच काट मारली जाते, आणि नेमका तोच महत्त्वाचा. मधल्या तासांत कंप्रेसरची पाती मळतात, सेन्सर सरकतात. जेट ए-१ च्या दोन रनमध्येच ०.४ टक्क्यांचा फरक पडला असेल, तर सॅफचा ०.३ टक्के फायदा सांगण्यात अर्थ नाही.

थ्रस्टचे चार टप्पे आयसीएओचेच (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचेच) ठेवा: ७, ३०, ८५ आणि १०० टक्के. प्रत्येक टप्प्यावर इंजिन पाचेक मिनिटं स्थिरावू द्या, मगच वाचन घ्या. केसिंग आणि डिस्क वेगवेगळ्या गतीने तापतात, त्यामुळे पात्यांच्या टोकांची फट तोवर बदलत असते. आयसीएओच्या तक्त्यात या टप्प्यांपुढे अनुक्रमे दिलेली २६, ४, २.२ आणि ०.७ मिनिटं एकूण उत्सर्जनाचा हिशेब करण्यासाठी आहेत. इंजिन तेवढाच वेळ चालवायचं असा त्यांचा अर्थ नाही.

इंजिनाचे फेरे नेहमी हवेच्या तापमानानुसार दुरुस्त केलेल्या आकड्यावर लावा. बाहेर ३३ अंश सेल्सिअस असेल, तर (केल्विनमध्ये) ३०६.१५ भागिले २८८.१५ चं वर्गमूळ १.०३१. म्हणजे डायलवरचे १०० टक्के हे १५ अंशांच्या प्रमाण दिवसाचे ९७ टक्केच. सकाळी एक इंधन आणि भर दुपारी दुसरं चालवून डायल जुळवलेत, तर तुलना तिथेच बिघडली. आर्द्रताही लिहून ठेवा. नायट्रोजन ऑक्साइडचे आकडे किलो कोरड्या हवेमागे ६.३४ ग्रॅम बाष्पावर आणायचे असतात; हवेत १६ ग्रॅम असेल, तर मोजलेला आकडा सुमारे १.२ ने गुणावा लागतो.

इंधन बदलताना नळ्या, फिल्टर, हीट एक्स्चेंजर सगळं धुवून काढा आणि इंधन इंजिनात शिरतं तिथेच नमुना घ्या, टाकीपाशी नव्हे. जुनं जेट ए-१ पाच टक्के उरलं आणि त्यात १८ टक्के ॲरोमॅटिक (बेंझीनसारखी वलयाकार हायड्रोकार्बन) असले, तर तुमच्या 'शून्य ॲरोमॅटिक' इंधनात ०.९ टक्के आलेच. काजळी घटण्याचं मुख्य कारण हेच ॲरोमॅटिक कमी होणं असल्याने इथे ढिलाई चालत नाही.

ॲरोमॅटिक गेले की नायट्राइल रबराच्या ओ-रिंगा (जोडातली गळती रोखणारी गोल कडी) आक्रसतात. जेट ए-१ मध्ये वर्षानुवर्षं फुगून बसलेली रिंग सॅफ येताच बारीक होते आणि सांध्यातून थेंब सुटतो. इंधन बदलल्यावर लाइन दाबाखाली ठेवा, प्रत्येक जोडावर पांढरा कागद फिरवा. फ्लोरोकार्बनच्या रिंगांना हा त्रास फारसा होत नाही.

धुराचा नमुना नेणारी नळी १६० अंशांवर ठेवा. थंड पडली तर न जळलेले हायड्रोकार्बन तिच्या भिंतीला चिकटतात आणि इंजिन उगीचच स्वच्छ दिसतं. मग वायूंच्या मोजणीतून हवा-इंधन प्रमाण काढा आणि इंजिनाच्या प्रत्यक्ष प्रमाणाशी ताडून पाहा. आयडलला (७ टक्क्यांच्या टप्प्याला) १५ आणि बाकी टप्प्यांना १० टक्क्यांहून जास्त तफावत आली, तर आधी नळीची गळती शोधा.

सॅफऐवजी हायड्रोजन हे इंधन असेल, तर ही पडताळणी लागू पडत नाही, कारण धुरात कार्बनच नसतो. हवेचा प्रवाह स्वतंत्रपणे मोजावा लागतो. नायट्रोजन ऑक्साइडही 'कोरड्या धुरात, १५ टक्के ऑक्सिजनवर किती पीपीएम (दहा लाखांत किती भाग)' असे देऊ नका. हायड्रोजनच्या धुरात पाणी जास्त असतं, ते काढून टाकलं की आकडा उगाच फुगतो. ग्रॅम प्रति मेगाज्यूल द्या.

हायड्रोजनवर थेट पूर्ण इंजिन कधीच नको. आधी एकच इंजेक्टर, मग पूर्ण वर्तुळाकार कंबस्टर (इंधन जळण्याची जागा), मग इंजिन. २०२२ च्या नोव्हेंबरात रोल्स-रॉइस आणि इझीजेटने एई २१००-ए इंजिन हायड्रोजनवर जमिनीवरच चालवलं. ज्वाळा इंजेक्टरमध्ये मागे शिरणं हा इथला मोठा धोका, म्हणून इंजेक्टरच्या ओठावर थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावा आणि तापमान उसळताच इंधन आपोआप तुटेल अशी जोडणी करा. ही ज्वाळा उजेडात जवळपास दिसत नाही. अतिनील डिटेक्टर हवेत. गळतीचे सेन्सर छतापाशी लावा, कारण हायड्रोजन वर जातो आणि हवेत ४ ते ७५ टक्के असताना पेट घेतो. इंधन सोडण्याआधी आणि बंद केल्यावर, दोन्ही वेळा लाइन नायट्रोजनने फुंकून काढा.