एका क्रियाविशेषणावर गेलेली दुपार

सायबर हल्ल्यांच्या तपासाचे काम काही वर्षे केल्यानंतर मी सायबर अवकाशातील राष्ट्रांच्या वर्तनावर संयुक्त राष्ट्रांत वाटाघाटी करणाऱ्या मुत्सद्द्यांच्या प्रशिक्षणाकडे वळलो. माझ्या पहिल्याच सत्रातल्या निम्म्याहून अधिक स्लाइड पॅकेट, पोर्ट आणि एन्क्रिप्शन यांनी भरलेल्या होत्या. चहाच्या सुटीत एका लहानशा बेटराष्ट्राच्या प्रतिनिधी बाईंनी मला सौम्यपणे विचारले, ‘हे सगळे ठीक आहे, पण मसुद्यातला परिच्छेद वाचून झाल्यावर आमच्या देशाला त्यातले काय खुपते, हे मी कसे ओळखायचे?’ त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या कायद्याच्या, अभियांत्रिकीच्या किंवा परराष्ट्र सेवेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांनी सुरुवात याच प्रश्नापासून करावी, असे मला आता वाटते.

संयुक्त राष्ट्रांतील या वाटाघाटींचा इतिहास आधी नीट वाचावा लागतो, कारण सभागृहात बोलणारा प्रत्येक जण जुन्या अहवालांतल्या शब्दांचाच आधार घेत असतो. सरकारी तज्ज्ञांचा पहिला गट २००४ मध्ये बसला आणि त्यातून एकमताचा अहवाल निघालाच नाही. २०१३ च्या गटाने आंतरराष्ट्रीय कायदा सायबर अवकाशालाही लागू होतो हे मान्य केले, तर २०१५ च्या गटाने राष्ट्रांच्या जबाबदार वर्तनाचे अकरा ऐच्छिक नियम दिले. २०१९ पासून सर्व सदस्य राष्ट्रांना खुला असलेला कार्यगट सुरू झाला. त्याचे दुसरे पर्व सिंगापूरचे बुर्‍हान गफूर यांच्या अध्यक्षतेखाली २०२१ ते २०२५ असे चालले आणि जुलै २०२५ मध्ये कायमस्वरूपी यंत्रणेवर सहमती होऊन संपले. सायबर गुन्ह्यांविषयीचा करार हा वेगळा प्रवाह आहे. महासभेने तो डिसेंबर २०२४ मध्ये स्वीकारला. नवखे लोक या दोन प्रवाहांची हमखास गल्लत करतात, आणि तशी गल्लत एखाद्या निवेदनात उतरली, तर ती दुरुस्त करायला पुढचे सत्र उजाडावे लागते.

अकरा नियमांपैकी एक असा आहे की, राष्ट्रांनी आपल्या भूमीचा वापर आंतरराष्ट्रीयदृष्ट्या बेकायदा सायबर कृत्यांसाठी ‘जाणूनबुजून’ होऊ देऊ नये. आमच्या सराव-वाटाघाटीत मी हाच नियम कागदावर देतो आणि तो अधिक ठोस करायला सांगतो. एकदा एका गटाने ‘जाणूनबुजून’ हा शब्दच काढून टाकावा, असे सुचवले. बळी पडलेल्या देशाची भूमिका वठवणाऱ्यांना ते सोयीचे होते, कारण हल्लेखोर सर्व्हर ज्या देशात आहे त्या देशाला मग ‘आम्हाला माहीतच नव्हते’ असे म्हणता आले नसते. पण छोट्या देशाची भूमिका घेतलेली तरुणी, जी प्रत्यक्षात एका मोठ्या देशाची अधिकारी होती, ठामपणे म्हणाली, ‘आमच्याकडे चोवीस तास नेटवर्कवर नजर ठेवणारी माणसेच नाहीत, हा शब्द गेला तर आमचे अज्ञानच आमचा गुन्हा ठरेल.’ जेवणानंतर सुरू झालेली ती चर्चा दिवे लागेपर्यंत त्या एका क्रियाविशेषणावरच चालली. शेवटी मी त्यांच्यापुढे तज्ज्ञगटाच्या २०२१ च्या अहवालातला खुलासा ठेवला: राष्ट्राने आपल्या क्षमतेनुसार वाजवी पावले उचलावीत, आपल्या भूमीवरच्या प्रत्येक हालचालीवर पाळत ठेवावी अशी मात्र त्याच्याकडून अपेक्षा नाही. सभागृहात सहा वर्षांत जे घडले, ते या मंडळींनी एका दुपारी स्वतः भांडून समजून घेतले होते.

शब्द गाळण्याची कलाही शिकावी लागते. २०१५ च्या अहवालात मानवता, लष्करी गरज, प्रमाणबद्धता आणि नागरिक व सैनिक यांच्यातला भेद या तत्त्वांची नोंद आहे, पण ‘आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायदा’ (म्हणजे युद्धात कसे वागावे याचा कायदा) हा शब्दप्रयोग कोठेही नाही, कारण त्याचे नाव घेतले तर सायबर युद्धाला मान्यता दिल्यासारखे होईल, असे काही राष्ट्रांना वाटत होते. तज्ज्ञगटाची २०१७ ची फेरी याच मुद्द्यासह स्वसंरक्षण आणि प्रत्युपाय (दुसऱ्या राष्ट्राच्या बेकायदा कृत्याला पीडित राष्ट्राने द्यायचे उत्तर) यांच्यावर मोडली. २०२१ मध्ये ते नाव अखेर अहवालात आले, पण हा कायदा केवळ सशस्त्र संघर्षाच्या स्थितीतच लागू होतो, हे वाक्यही त्याच्यासोबत आले. अभियंत्याला अशी तडजोड म्हणजे पळवाट वाटते. मलाही बराच काळ तसेच वाटत असे.

तांत्रिक ज्ञान लागतेच, पण ते नेमक्या जागी लागते. मी एकदा एका वीजजाळ्यावरच्या काल्पनिक हल्ल्याचा सराव रचला आणि खरा हल्लेखोर शेवटी सांगणार असल्याचे आधीच जाहीर करून बसलो. परिणामी सगळ्यांनी मसुदा बाजूला ठेवून रहस्यकथा सोडवायला घेतली. तेव्हापासून मी मुंबईचे उदाहरण देतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगरातली वीज गेली, लोकल थांबल्या. पुढल्या वर्षी मार्चच्या आरंभी राज्याच्या गृहमंत्र्यांनी राज्याच्या सायबर विभागाच्या अहवालाच्या आधारे घातपाताची शक्यता बोलून दाखवली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक असल्याचे सांगितले. एकाच देशाच्या दोन सरकारांची एकाच घटनेविषयी अशी दोन निवेदने समोर ठेवली, की कोणा परदेशावर ठपका ठेवण्यापूर्वी सर्व संबंधित माहिती विचारात घ्यावी, हा नियम कशासाठी आहे, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

प्रशिक्षण कोठे मिळते, हे थोडक्यात सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या निःशस्त्रीकरण कार्यालयाचा सायबर मुत्सद्देगिरीवरचा ऑनलाइन अभ्यासक्रम विनामूल्य आहे आणि कोणालाही करता येतो. संयुक्त राष्ट्रे आणि सिंगापूर यांची अभ्यासवृत्ती, एस्टोनियाची टॅलिन येथील उन्हाळी शाळा आणि महिला मुत्सद्द्यांसाठी २०२० पासून काही देश मिळून चालवत असलेली अभ्यासवृत्ती या प्रामुख्याने सरकारी अधिकाऱ्यांसाठी आहेत. सेवेबाहेरच्या माणसाला संशोधनसंस्थांची वाट मोकळी आहे, पण तिथे एक अडचण ठाऊक असावी: कार्यगटाच्या नियमांनुसार संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेचा सल्लागार दर्जा नसलेल्या संस्थेच्या प्रवेशाला एखादे राष्ट्र हरकत घेऊ शकत असे, आणि तशा हरकती घेतल्याही गेल्या.

रोजच्या कामातली एक गोष्ट पुस्तकांत क्वचितच सापडते. न्यूयॉर्कमध्ये जुलै महिन्यात संध्याकाळचे सहा वाजतात, तेव्हा दिल्लीत पहाटेचे साडेतीन झालेले असतात, आणि मसुद्यातला कळीचा बदल नेमका त्याच सुमारास पुढे येतो. म्हणून मी सरावात देशातल्या मुख्यालयाकडून प्रतिनिधीला येणाऱ्या सूचना तीनच ओळींत लिहायला लावतो: आपल्याला काय हवे आहे, नाइलाजाने काय चालेल, आणि काय आले तर झोपलेल्या साहेबांना उठवायचे. पहिली ओळ सगळ्यांना भराभर सुचते. तिसरीवर मात्र बहुतेकांचे पेन अडते, आणि त्या बेटराष्ट्राच्या बाईंनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या तिसऱ्या ओळीतच असते.