डिमेंशियाची गोळी आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या: घरी पेशंट असेल तर काय करायचं

डिमेंशियाच्या (म्हातारपणी विसरायला होण्याच्या आजाराच्या) गोळीने हार्ट अटॅक टळतो अशी बातमी दिसली की आधी औषधाचं नाव बघा, सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, गॅलँटामिन हा एक गट, मेमँटिन वेगळं. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या ७,०७३ पेशंटचा अभ्यास आला, त्यात पहिल्या गटातलं औषध घेणाऱ्यांना हार्ट अटॅक किंवा मृत्यूचा धोका ३४ टक्के कमी दिसला, मेमँटिनवाल्यांना तसा फायदा दिसला नाही.

कारण असं असावं की पहिल्या गटातल्या गोळ्या ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन पटकन तुटू देत नाहीत, मेंदूत ते आठवणीसाठी लागतं पण हेच रसायन सूज वाढवणाऱ्या पेशींना आवरतं सुद्धा, आणि रक्तवाहिनीत थर साचतो त्यात कोलेस्टेरॉलबरोबर आतल्या सुजेचाही हात असतो.

मग बाबांना ब्लॉकेज आहे म्हणून सुरू करायची का? अजिबात नाही. तो अभ्यास नुसती रेकॉर्ड बघून केलाय, आणि ज्यांचं हृदय आधीच मंद चालतं त्यांना ही गोळी द्यायला डॉक्टर कचरतात, म्हणजे गोळीवाले मुळातच जरा धडधाकट असू शकतात. गाऊटच्या (सांधे सुजण्याच्या आजाराच्या) कोल्चिसिनचं बघा, तीही सूज कमी करणारी गोळी, तिची २०२० मध्ये ५,५२२ हृदयरुग्णांवर नीट ट्रायल झाली, अर्ध्यांना खरी गोळी अर्ध्यांना खोटी, आणि २०२३ मध्ये अमेरिकेत हृदयासाठी मंजुरी मिळाली. डोनेपेझिलची अशी मोठी ट्रायल होईपर्यंत स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) आणि बीपीची गोळी बंद करायची नाही.

डोनेपेझिल आधीच चालू असेल तर मात्र नाडी बघायला शिकाच, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पेशंटला पाच मिनिटं शांत बसवा, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला आपली दोन बोटं हलकेच ठेवा (स्वतःचा अंगठा नको, त्यातही ठोका लागतो) आणि पूर्ण एक मिनिट मोजा, वहीत तारखेसकट लिहा. ५० च्या खाली आली, चक्कर आली, किंवा उठताना डोळ्यापुढे अंधारी आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, आणि शुद्ध हरपली तर थेट हॉस्पिटल गाठा. ही गोळी ठोके कमी करते, सोबत मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, डिल्टियाझेम किंवा डिगॉक्सिन अशी हृदयाची किंवा बीपीची गोळी असेल तर आणखीनच, आणि म्हाताऱ्या माणसाचं पडणं म्हणजे खुब्याचं हाड मोडायची भीती.

न्यूरोवाले आणि हृदयवाले डॉक्टर वेगळे असतात, एकाला दुसऱ्याची चिठ्ठी माहीतच नसते, म्हणून सगळ्या स्ट्रिप एका पिशवीत घालून दोघांकडे न्या, वारंवार लघवी लागते त्यासाठीची गोळीसुद्धा, कारण ऑक्सिब्युटिनिनसारखी गोळी डोनेपेझिलच्या बरोबर उलटं काम करते. ईसीजी कधी काढायचा ते तिथेच विचारून घ्या. आणि गोळी काही दिवस राहून गेली असेल तर आपल्या मनाने पुन्हा १० मिलिग्रॅमवर सुरू करू नका, आधी विचारा.