कासवाचं पिल्लू उन्हाळ्यात सुकू नये म्हणून काय करायचं

सुरुवातीलाच कायद्याचं उरकून घेऊ. पाठीवर चांदण्या असलेलं स्टार कासव घरात ठेवणं गुन्हा आहे, वन्यजीव कायद्यात ते शेड्यूल १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, कुणी आणून दिलं असलं तर वनविभागाच्या १९२६ नंबरला कळवा. सल्काटासारखं परदेशी कासव असेल तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद लागते. इथं पुढं जे सांगतोय ते या सल्काटाच्या पिल्लांबद्दल, पाण्यातल्या कासवाचं गणित वेगळं असतं.

विकणारा हमखास सांगतो, वाळवंटातलं कासव आहे, पाण्याचं काय टेन्शन नाही. इथंच सगळा घोळ होतो. सल्काटा सहाराच्या खालच्या साहेल पट्ट्यातलं हे खरं, पण तिथं ते दिवसभर उन्हात फिरत नसतं, बिळात दडून बसतं आणि बिळात ओल असते. आपल्याकडं मे मध्ये परभणी-नांदेडला पारा ४२-४३ वर, वर पत्रा, त्यात पेटीवर बल्ब लावलेला, आणि पिल्लू तळहाताएवढं, त्याच्या अंगात पाण्याचा साठा असून असून किती असणार.

कासव अंगातली घाण युरिक ॲसिडच्या रूपात बाहेर टाकतं, म्हणून लघवीसोबत पांढरं काहीतरी पडतं, त्याला युरेट म्हणतात. ते बघून घाबरू नका, पण रोज बघाच. डबीतल्या ओल्या चुन्यासारखं मऊ असलं तर पाणी पुरतंय, तोच चुना वाळून खरबरीत झाल्यासारखं बोटाला कचकच लागलं तर पाणी कमी पडायलंय. असंच चालू राहिलं की मूत्राशयात ते साचत जातं आणि मुतखडा होतो. बोअरच्या जड पाण्यानं खडा होतो का असं बरेच जण विचारतात, तर कासवातला खडा बहुतेक युरेटचाच असतो, पाणी जड असण्यापेक्षा पोटात न जाणं जास्त वाईट.

आता रोजची अंघोळ, म्हणजे नुसतं पाण्यात बसवणं, साबणबिबण काही नाही. पहिलं वर्षभर तरी रोज करा, सकाळी सात-आठला. उभ्या काठाचा, आरपार न दिसणारा छोटा प्लास्टिकचा टप घ्या, परात नको, त्यातून ते चढून बाहेर पडतं. पाणी वरचं आणि खालचं कवच जिथं जुळतं तिथपर्यंतच, मान आरामात वर राहिली पाहिजे. कोमट म्हणजे ३० अंशांच्या आसपास. उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला चटका बसेल इतकं तापतं, ते थेट टपात सोडू नका, आधी मनगटाला लावून बघा. मग १५-२० मिनिटं बसू द्या, पण सोडून जाऊ नका, उलटं पडलं तर बुडतं. थोड्या वेळानं ते तोंड पाण्यात घालतं आणि गळा हलताना दिसतो, म्हणजे पितंय, त्या वेळी हात लावू नका. पाण्यात बसलं की शी-शू पण बहुतेक तिथंच करतं, केली की लगेच पाणी बदला, नाहीतर तेच पितं. नंतर पुसून कोरडं करा.

पाणी लागतं एखाद-दोन लिटर. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं बघितलेल्या लातूरकरांना ते वाया घालवू नका हे मी काय सांगणार, जास्वंदाला घाला, पण कोथिंबिरीच्या कुंडीत नको आणि स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये तर अजिबात नको, कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा जुलाब-उलट्या लावणारा जंतू असू शकतो. टप वेगळाच ठेवा, हात साबणानं धुवा, लेकरांचे पण.

खाण्यातूनही पाणी जातं. निवडुंगाचं पान काटे काढून, जास्वंदीची पानं-फुलं, हरळी, आणि बीड-जालन्याकडं रेशीमवाल्यांच्या बांधावर तुतीचा पाला मिळतो तो तर बेस्ट, फक्त फवारणी झालीय का विचारून घ्या. पालक, चुका रोज नको, त्यात ऑक्झलेट जास्त, ते कॅल्शियम अंगी लागू देत नाही. डाळ, अंडं, कुत्र्याचं खाणं बंद, प्रोटीन वाढलं की युरिक ॲसिड वाढतं. ज्वारीचं कोवळं धाट जनावराला बाधतं, ते कासवालाही नको.

पेटीत एका कोपऱ्यात ओलसर कोको पीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरून वर मडक्याचा फुटका तुकडा पालथा ठेवा, बीळ तयार. कूलरचा झोत थेट पेटीवर नको. आणि पिल्लाला सारखं उचलू नका, घाबरलं की मुतून टाकतं, साठवलेलं पाणी गेलं. डिसेंबरात परभणीचा पारा एक आकडी होतो तेव्हा अंघोळ दुपारी घाला आणि ओलं तसंच गार पेटीत ठेवू नका.

आठवड्याला एकदा किचनच्या डिजिटल काट्यावर वजन करून लिहून ठेवा. वजन उतरतंय, डोळे खोल गेलेत, तोंडात चिकट लाळ आहे, जोर लावूनही शी-शू होत नाही, मागचे पाय ओढत चालतंय किंवा लघवीत रक्त दिसलं, तर वाट बघत बसू नका. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय कॉलेज आहेत, आधी फोन करून कासव बघतात का विचारा. एक्स-रेत खडा बहुतेक वेळा दिसतो, मोठा असला तर ऑपरेशन लागतं. माणसाच्या मुतखड्यावर गावाकडं पानफुटीचा पाला देतात, तो मात्र कासवाला चुकूनही देऊ नका, जनावरांच्या काळजाला तो विषारी आहे.