वजन जास्त असताना धावायला सुरुवात करताय? या चुका टाळा

वजन शंभर किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त असलेली माणसं जिद्दीने धावायला लागतात आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यात थांबतात. आजूबाजूचे म्हणतात, नव्याचे नऊ दिवस संपले. मला हे ऐकून वाईट वाटतं, कारण थांबलेल्या माणसाशी नीट बोललं की अडचण वेगळीच निघते. कुणाची नडगी ठणकत असते, कुणाला सकाळी उठल्यावर टाच टेकवत नाही, कुणाचा गुडघा जिना उतरताना बोलतो. आळसाचा त्यात संबंधच नसतो. शरीराला जेवढा वेळ लागतो तेवढा दिलेला नसतो, एवढंच.

'आधी वजन उतरवा, मग पळा' हा सल्लाही सरसकट पटण्यासारखा नाही. जड माणूस पळू शकतो. फक्त हलक्या अंगाच्या माणसासाठी बनवलेला कार्यक्रम त्याने जसाच्या तसा उचलू नये.

दम पुरतोय म्हणून वाढवत नेणं

सगळ्यात जास्त माणसं इथे अडकतात, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो.

चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो. पळताना क्षणभर दोन्ही पाय हवेत असतात आणि सगळं वजन एका पायावर येऊन पडतं. त्या क्षणी पायावर येणारा भार शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट असतो. म्हणजे 110 किलोच्या माणसाच्या एकेका पावलावर सव्वादोनशे ते सव्वातीनशे किलोंचा भार, आणि तोही मिनिटाला दीडशेहून जास्त वेळा.

हा भार हाडं, कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणारे चिवट दोर) आणि सांधे पेलतात. हृदय आणि रक्ताभिसरण काही आठवड्यांतच सुधारतं, स्नायूही लवकर साथ द्यायला लागतात. कंडरांना मात्र महिने लागतात. हाडाचं तर आणखी वेगळं आहे. नवा भार पडला की शरीर आधी हाडातला जुना भाग काढून टाकतं आणि मग तिथे नवा भरतं. या सगळ्याला तीन-चार महिने लागतात, आणि मधल्या काळात ती जागा उलट थोडी कमकुवत असते. तिसऱ्या आठवड्यात 'आता धाप लागत नाही, मस्त वाटतंय' म्हणून माणूस अंतर वाढवतो, तेव्हा त्याची नडगी नेमकी सर्वात नाजूक अवस्थेत असू शकते.

म्हणून दमावरून पुढचा आठवडा ठरवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय काय म्हणतात, त्यावरून ठरवा.

पळण्याआधीचं चालणं गाळणं

तीस-चाळीस मिनिटं भरभर चालून दुसऱ्या दिवशी कुठेही दुखत नसेल, आणि असं आठवड्यातून चार-पाच दिवस सहज जमत असेल, तर पळायला सुरुवात करा. काहींना हे आजच जमेल, काहींना दोन महिने लागतील. ते दोन महिने वाया जात नाहीत. पावलं, घोटे आणि पोटऱ्या त्याच काळात तयार होतात.

नऊ आठवडे म्हणजे नऊच आठवडे, असं मानणं

नवशिक्यांसाठीचा सर्वात प्रसिद्ध कार्यक्रम म्हणजे 'काउच टू फाइव्ह के'. जॉश क्लार्क यांनी तो 1996 मध्ये तयार केला. आठवड्यातून तीन दिवस, नऊ आठवडे, आणि शेवटी सलग अर्धा तास किंवा पाच किलोमीटर. कार्यक्रम चांगला आहे, फक्त त्यातल्या पळण्याच्या मिनिटांची एकदा बेरीज करून बघा.

पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं भरभर चालल्यावर 60 सेकंद पळणं आणि 90 सेकंद चालणं, असं वीस मिनिटं करायचं असतं. म्हणजे प्रत्यक्ष पळणं दिवसाला आठ मिनिटं. दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात ते साधारण नऊ मिनिटांवर जातं. चौथ्या आठवड्यात मात्र तीन, पाच, तीन, पाच अशा फेऱ्या येतात, त्यांची बेरीज सोळा मिनिटं. नऊवरून एकदम सोळा! पाचव्या आठवड्याच्या तिसऱ्या दिवशी तर सलग वीस मिनिटं पळायचं असतं. सत्तर किलोचा माणूस ही उडी बहुधा पचवतो. एकशेवीस किलोच्या माणसाची नडगी चौथ्या आठवड्यात का तक्रार करते, याचं उत्तर बरंचसं या बेरजेत आहे.

उपाय अवघड नाही. तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्याच्या मध्ये स्वतःचे दोन-तीन आठवडे घाला. दोन मिनिटं पळा, दोन मिनिटं चाला, अशा पाच फेऱ्या, पुढच्या आठवड्यात सहा, मग सात. कुठलाही आठवडा दोनदा-तीनदा करायला हरकत नाही. पहिला आठवडाच जड जात असेल तर 30 सेकंद पळून दोन मिनिटं चालण्यापासून सुरुवात करा. नऊ आठवड्यांचे वीस झाले तरी ठरवलेलं अंतर होतंच.

किती कमीपासून सुरुवात करावी, याचाही अंदाज आहे. डेन्मार्कमधल्या संशोधकांचा एक छोटा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. लठ्ठ नवशिक्यांनी पहिल्याच आठवड्यात एकूण तीन किलोमीटरपेक्षा जास्त धावलं तर दुखापतीचा धोका वाढू शकतो, असं त्यात दिसलं. एका वेळेला नव्हे, आख्ख्या आठवड्यात तीन किलोमीटर. आठ मिनिटांच्या तीन दिवसांत, किलोमीटरला नऊ मिनिटं या गतीने, पावणेतीन किलोमीटरच्या आतच पळणं होतं. म्हणजे तो पहिला आठवडा दिसतो तितका किरकोळ नाही. त्यात आणखी भर घालू नका.

आणि मध्ये चालणं ही हार नाही. 1972 च्या ऑलिंपिकमध्ये 10,000 मीटर धावलेल्या जेफ गॅलोवे यांनी तर पळणं-चालणं आलटून पालटून करण्याची पद्धतच शिकवली, आणि त्या पद्धतीने लोक मॅरेथॉनही पूर्ण करतात. दमल्यावर चालायचं नाही, दमण्याआधी चालायचं, हे तिचं मर्म.

पहिल्याच मिनिटाला जोर लावणं

पळणं म्हटलं की डोळ्यांसमोर शाळेतली शर्यत येते. नवा माणूस साठ सेकंदांसाठी निघतो आणि विसाव्या सेकंदाला खांदे कानाला टेकलेले असतात, मुठी आवळलेल्या, तोंड उघडं आणि पावलं धप्प धप्प पडतायत. चाळिसाव्या सेकंदाला तो थांबतो आणि म्हणतो, माझ्याच्याने होणार नाही. होणार आहे, पण निम्म्या वेगाने.

वेग बरोबर आहे की नाही हे बोलून कळतं. पळता पळता एक पूर्ण वाक्य सलग बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग कमी करा. सुरुवातीला हा वेग किलोमीटरला नऊ-दहा मिनिटं, म्हणजे भरभर चालण्याच्या जवळपास निघू शकतो. चालणारं कुणी पुढे निघून गेलं तरी जाऊ द्या. माझ्या मते पहिले तीन महिने घड्याळात वेग बघूच नये.

पावलं लांब टाकू नका. पाय शरीराच्या पुढे लांब जाऊन टाचेवर आदळला की धक्का थेट गुडघ्यात जातो. छोटी, जरा लवकर-लवकर पावलं टाका, पाय शरीराच्या खालीच पडू दे. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं होतं की त्याच वेगात पावलांची संख्या पाच ते दहा टक्के वाढवली तर गुडघ्यावरचा आणि खुब्यावरचा भार कमी होतो. पाऊल पडताना आवाज कमी आला की समजा जमतंय.

घड्याळातल्या नाडीच्या ठोक्यांवर फार विसंबू नका. 220 मधून वय वजा करण्याचं सूत्र एकेका माणसासाठी दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातलं औषध चालू असेल तर ठोके मुळातच कमी राहतात आणि तो आकडा फसवा ठरतो. बोलण्याची कसोटी तेव्हाही चालते.

सगळ्या दुखण्यांना एकच माप लावणं

'सुरुवातीला दुखणारच' म्हणून रेटणं आणि जरा दुखलं की घाबरून सोडून देणं, दोन्ही नुकसानीचंच. स्नायू दोन दिवस अंबून येतात, ते ठीक आहे. बाकी दुखणी नीट ओळखायला शिका.

नडगीच्या आतल्या कडेवरून बोट वरून खाली फिरवा. चार-सहा इंचांच्या पट्ट्यात सगळीकडे दुखत असेल तर बहुधा तो भार झेपत नसल्याचा इशारा आहे: आठवडाभर पळणं बंद, चालणं दुखत नसेल तर चालू, आणि परत येताना दोन आठवडे मागे. पण बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी हाडावर कळ येत असेल, रात्री किंवा बसल्या जागीही ठणका असेल, तर हाडाला बारीक तडा असण्याची शक्यता धरा. पळणं तिथेच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीच्या एक्स-रेत असा तडा बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळे 'एक्स-रे नॉर्मल आहे' एवढ्यावर पुन्हा पळायला लागू नका.

सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलालाच टाचेखाली सुई टोचल्यासारखं होतं आणि चाललं की कमी होतं, हे तळपायाच्या जाड पट्ट्याचं दुखणं. घरात अनवाणी वावरणं कमी करा आणि पोटऱ्या व तळपाय ताणण्याचा व्यायाम रोज करा. गुडघ्याच्या वाटीभोवती जिने उतरताना दुखत असेल तर उतारावर पळणं बंद करा, पावलं छोटी करा आणि मांड्या व कुल्ले बळकट करा.

पळताना दुखणं दहापैकी तीनच्या आत असेल आणि दुसऱ्या सकाळपर्यंत निवळत असेल तर चालू ठेवता येतं. लंगडायला लागलात की त्या दिवसाचं पळणं संपलं.

रोज पळणं

दोन पळण्यांच्या मध्ये एक दिवस मोकळा हवा. त्या दिवशी सायकल, पोहणं किंवा चालणं चालेल. आठवड्यातून दोनदा खुर्चीतून हात न टेकता उठ-बस आणि भिंतीला धरून टाचा उचलणं, एवढं केलं तरी पायांना मोठा आधार मिळतो.

बूट आणि कपडे

कपाटातले जुने बूट घालून सुरुवात करू नका. बाहेरून धड दिसणाऱ्या बुटाचा मधला मऊ थर दबून गेलेला असतो. सपाट टेबलावर बूट ठेवून मागून बघा. एका बाजूला कललेला दिसला तर तो आता फक्त चालण्यासाठी. धावण्याचे बूट साधारण 500 ते 800 किलोमीटर टिकतात, जड माणसाचे त्याआधीच संपतात. नवे घेताना संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा आणि पाऊल रुंद असेल तर रुंद मापाचा बूट मागा. लांबी वाढवून रुंदी भागवू नका.

मांड्या, काखा आणि छातीखालची घडी घासून सोलवटते. हे कुणी आधी सांगत नाही आणि त्यामुळे कितीतरी लोक पळणं सोडतात. निघण्याआधी पेट्रोलियम जेली लावा, मांडीपर्यंत येणारी घट्ट शॉर्ट्स घाला, सुती बनियन टाळा. स्त्रियांनी चांगला आधार देणारी स्पोर्ट्स ब्रा बुटांइतकीच महत्त्वाची मानावी. पळताना लघवी गळत असेल तर लाजून गप्प बसू नका. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंसाठी फिजिओथेरपी असते आणि तिचा पुष्कळ उपयोग होतो.

वजनकाट्याशी रोजचा हिशेब

पी हळद आणि हो गोरी, असं इथे होत नाही. पळण्यात किलोमीटरमागे शरीराच्या दर किलोला साधारण एक कॅलरी खर्च होते. 110 किलोचा माणूस तीन किलोमीटर पळला तर 330 च्या आसपास. एक किलो चरबीत 7,700 च्या आसपास असतात. म्हणजे वजनाचा मुख्य हिशेब ताटातच होतो. शिवाय पहिल्या काही आठवड्यांत स्नायू पाणी धरून ठेवतात आणि काटा किलोभर वरही जातो. तेव्हा घाबरून जेवण निम्म्यावर आणू नका. उपाशी शरीराची झीज भरून निघत नाही आणि दुखापती वाढतात.

हळूहळू उतरलेला प्रत्येक किलो मात्र पायांना लगेच जाणवतो. गुडघ्याची झीज असलेल्या लठ्ठ व्यक्तींवरच्या 2005 च्या अभ्यासात, वजन एक किलो कमी झालं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो, असं आढळलं.

डॉक्टरांना न विचारता निघणं

छातीत दुखणं, चक्कर, मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार किंवा घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल तर आधी तपासणी करा. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या चालू असतील तर पळताना आणि नंतरही साखर उतरू शकते. मात्रेबद्दल डॉक्टरांशी बोला आणि खिशात ग्लुकोज ठेवा. मोठ्या शरीराला उष्णता बाहेर टाकायला वेळ लागतो, म्हणून उन्हाच्या वेळा टाळा.

पळताना छातीवर दाब आला, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, भोवळ आली, तर तिथेच थांबा, जवळच्या माणसाला सांगा आणि तातडीने वैद्यकीय मदत घ्या. 'घरी जाऊन बघू' म्हणू नका.

खंड पडल्यावर जिथे सोडलं तिथूनच सुरू करणं

आजारपण येतं, प्रवास येतो, कामं येतात. एक आठवडा चुकला तर आधीचा आठवडा पुन्हा करा. दोन-तीन आठवडे चुकले तर पळण्याची मिनिटं निम्म्यावर आणा. महिन्याहून जास्त खंड पडला असेल तर पुन्हा चालण्यापासून सुरुवात करा आणि मग 60 सेकंदांच्या फेऱ्यांवर या. ताप असेल किंवा तो उतरून दोन-तीन दिवसही झाले नसतील, तर पळायला जाऊ नका.